सत्कार होऊ दे, मग सांग

मंजुश्रीबद्दल लातुरात कुणालाही विचारा, एकच ऐकायला मिळेल. पोरगी हुशार, पण बेइमान निघाली. उदगीरला तिच्या आत्याच्या गल्लीत विचारा, चाकुरात विचारा, तेच. आमच्या नांदेडच्या कॉलेजात तिचं नाव निघालं की प्राध्यापक मंडळी एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, सरांना फार लागलंय. लागलंय, यात खोटं नाही. पण ती बेइमान नाही हे पक्कं ठाऊक असलेला माणूस मी आहे, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

माझं नाव दयानंद. एका खासगी मॅनेजमेंट कॉलेजात शिकवतो, आणि पोरांना नोकऱ्या लावून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात मारलेलं आहे. शिवाय आवाज बरा आहे. त्यामुळे नांदेड-लातूरकडे कुणाचा सत्कार असो, वाढदिवस असो, उद्घाटन असो, माईकपाशी मी असतो. या आवाजाचा मला गर्व आहे हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात होता.

मंजुश्री लातूरच्या मार्केट यार्डातल्या महादेवप्पांची मुलगी. महादेवप्पा आडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानात उतरवून घ्यायचा आणि खरेदीदाराला विकून द्यायचा, हा तीन पिढ्यांचा धंदा. पोरगी तुरीच्या आणि सोयाबीनच्या ढिगांमध्येच वाढली. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती आहे ते सांगायची, आणि तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. आमच्याकडे प्रवेशाच्या मुलाखतीत मी सगळ्यांना विचारतो तेच तिलाही विचारलं, एमबीए कशाला करायचंय? बाकीची पोरं पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवतात. ही म्हणाली, "अप्पांच्या दुकानात भाव रोज बदलतो, सर. तो कोन बदलतो ते बघायचंय."

हिचा एक स्वभाव होता, आणि त्याचा सगळ्यांना ताप होता. ती सांगून मोकळी व्हायची. तासाला येणार नसेल तर आदल्या दिवशी केबिनच्या दारात उभी. "सर, उद्या येळवशीची अमावस्या हाय, आमी शेतात जेवायला जानार, मी येनार न्हाई." अहो, मग नको येऊ ना! बाकीचे पन्नास जण न सांगता दांडी मारतातच की. एकदा भर वर्गात फळ्यावरचा माझा आकडा चुकला, तर हात वर करून म्हणाली, "सर, ते चुकलंय." मी तापलो. तास संपल्यावर तिला बोलावून झापलं, की मोठ्यांची चूक चारचौघांत काढू नये. ती म्हणाली, "मंग समदे चुकीचंच लिहून नेतील की, सर." दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आकडा दुरुस्त केला आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

आता अमरनाथ. हे मूळचे चाकूरचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मुंबईला गेले आणि एका इन्व्हेस्टमेंट बँकेत वरच्या जागेवर पोचले. या बँकेत पासबुक नसतं आणि काउंटरही नसतो. कंपन्यांना भांडवल उभं करून देणं, त्यांचे शेअर बाजारात आणून देणं, हा तिचा उद्योग. असल्या बँका उन्हाळ्यात दोन महिने विद्यार्थ्यांना उमेदवारीला घेतात, त्याला इंटर्नशिप म्हणतात. काम आवडलं तर पक्की नोकरी. पण घेतात ती नावाजलेल्या संस्थांमधली पोरं. नांदेड म्हटलं की ही मंडळी विचारतात, गुरुद्वारा आहे तेच ना?

मी तीन वर्षं अमरनाथांना फोन करत होतो. लाज सोडून करत होतो. शेवटी त्यांनी त्यांच्या साहेबांशी भांडून एक जागा मिळवली. मला म्हणाले, "सर, एक पोरगं द्या. माझ्या जबाबदारीवर घेऊन राहिलोय. त्यानं माती खाल्ली तर माझं तोंड दिसायचं न्हाई." मी पोरगं दिलं नाही, पोरगी दिली.

मंजुश्रीनं माती खाल्ली नाही. दुसऱ्या राज्यातली एक तेलाची कंपनी शेअर बाजारात उतरणार होती. अमरनाथांची बँक आणि एक भलीमोठी, जगभर नाव असलेली बँक, असं दोघींनी मिळून ते काम घेतलं होतं. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं की आम्ही वर्षाचं निम्मं सोयाबीन पावसाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्यांकडून घेतो. सुटाबुटातल्या वीसेक माणसांनी ते वाचलं आणि पान उलटलं. मंजुश्री म्हणाली, "त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन ऱ्हातं कुठं? पेरायला ठेवलेलं सोडलं तर कायच नसतंय." तिनं अप्पांना फोन करून आवक विचारली, आणखी दोन बाजारांत विचारली, आणि दोन्ही बँकांच्या बैठकीत एका कागदावर मांडून दिली. कंपनीची लबाडी उघडी पडली, काम थांबलं. त्या बैठकीत ती अमरनाथांना चुकून "काका" म्हणाली आणि सगळे हसले, हे तिनंच मला नंतर सांगितलं. मोठ्या बँकेच्या बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं होतं.

मे अखेरीला अमरनाथांच्या बँकेनं मंजुश्रीला नोकरीचं पत्र दिलं. शिक्षण पूर्ण झालं की रुजू व्हायचं. तिनं सही केली. आमच्या कॉलेजातून अशा बँकेत गेलेली ती पहिलीच. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि प्राचार्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोललो.

महादेवप्पांचा आनंद तर दुकानात मावेना. त्यांना तो सगळा उद्योग कळला होता असं नाही. यार्डातले लोक त्यांना विचारायचे, तुमच्या पोरीच्या बँकेत पीककर्ज मिळंल का, आणि ते म्हणायचे, विचारून सांगतो. पण चाकूरच्या माणसानं आपल्या पोरीला हात दिला एवढं त्यांना कळलं होतं. आणि आमच्या भागात उपकार कळला की माणूस गप्प बसत नाही, सत्कार करतो. जुलैतल्या एका रविवारी लातुरात मंगल कार्यालय ठरलं. पत्रिका छापल्या. चौकात फ्लेक्स लागलं, त्यावर फेटा बांधलेले अमरनाथ आणि खाली हात जोडलेले महादेवप्पा. अमरनाथांच्या आईला, शिवम्मांना, चाकूरहून गाडी करून आणायचं ठरलं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे.

शुक्रवारी दुपारी मंजुश्री लातूरहून एसटीनं नांदेडला आली आणि नेहमीसारखी माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. आत बोलावलं तर बसेना. मग बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्या मोठ्या बँकेचं पत्र होतं. आमच्याकडे या. सोमवारपर्यंत कळवा. शेतमालावरच्या कंपन्यांचं काम बघणारा नवा विभाग, त्यात जागा.

"काल आलं, सर," ती म्हणाली. "मला जायाचंय."

खरं सांगायचं तर आधी अभिमानच वाटला. माझी विद्यार्थिनी, आणि ती बँक! मग अमरनाथ आठवले.

"अमरनाथांकडे सही केलीयस तू."

"हाव. म्हनून तर आले. मी आत्ताच काकांला फोन करून सांगते. रुजू व्हायला अजून लई येळ हाय, त्यांला दुसरं मानूस बघता येईल. पन आधी तुमाला सांगावं म्हनलं, तुमी मला धाडलं व्हतं."

तिनं फोन हातात घेतलाही होता. एवढंच करायचं होतं. तिला करू द्यायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे रविवार आला. पत्रिका गेलेल्या, आचारी ठरलेला, उदगीरचे पाहुणे शनिवारीच निघणार. अमरनाथ आले नाहीत तर महादेवप्पा यार्डात तोंड कसं दाखवणार? आणि आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे आली, ती मी तिला सांगितली नाही. अमरनाथ रागावले तर माझी जागा गेली. तीन वर्षं लाज सोडून मिळवलेली ती एक जागा. सत्काराच्या आनंदात दोन शब्द बोलून ती पुढच्या वर्षासाठी पक्की करून घ्यायची असं माझं ठरलं होतं.

"आत्ता नको," मी म्हणालो. "सत्कार होऊ दे, मग सांग."

"पन सर, ते माझ्यामुळंच येऊन राहिलेत. मी मनात दुसरं ठेवून स्टेजवर कशी बसू?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. वडिलांची अब्रू बघ जरा. पंगत उठली की सांग. मी सोबत असेन."

तिनं फोन पिशवीत ठेवला. तिला ते पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मीच तिला एकदा शिकवलं होतं ना, की मोठ्यांची चूक चारचौघांत काढू नये! इथे तर चारचौघंही नव्हते. ती "बरं" म्हणाली आणि परतीच्या गाडीला गेली.

सत्कार मात्र झकास झाला. बसवेश्वरांच्या प्रतिमेचं पूजन झालं, अमरनाथांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. महादेवप्पा बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत रडायला लागले. "आमी सौदा बोललो की बोललो. ह्या मानसानं माझ्या पोरीसाठी बोल दिला आन् पाळला. पोरगीबी माझीच हाय, ती बी पाळंल." स्टेजवर मंजुश्री मोरपंखी साडीत बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी हातातल्या कागदाकडे बघत होतो, ज्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग अमरनाथ उठले. साधं बोलले. पहिल्या ओळीत त्यांची आई बसली होती, तिच्याकडे बघून म्हणाले, की मी गेलो तेव्हा मला कुणी दार उघडलं नव्हतं, म्हणून मी आता उघडतोय. आणि मग म्हणाले, "ह्या पोरीकडं बघून आमच्या साहेब लोकांनी शब्द दिलाय. पुढच्या वर्षी नांदेड-लातूरची एक न्हाई, दोन पोरं घेणार. आजच सकाळी मी त्यांला लिहून पाठवलंय, की आमची मानसं सोडून जात न्हाईत."

त्या क्षणी माईक माझ्याकडे यायला हवा होता आणि तो आला. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" कमी पडल्या म्हणून पुन्हा मागितल्या. आयुष्यात इतका ओशाळवाणा मी कधी झालो नव्हतो, पण आवाज माझा खणखणीत लागला होता.

पंगत उठल्यावर मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. अमरनाथ गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून खाऊन खुशीत बसले होते, फेटा तसाच डोक्यावर. मंजुश्री त्यांच्यासमोर खाली सतरंजीवर बसली आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. बँकेचं नाव सांगितलं, काम सांगितलं, उद्या होकार कळवणार हे सांगितलं.

अमरनाथांनी हळूहळू फेटा उतरवून मांडीवर घेतला.

"पत्र कदी आलं?"

"गुरुवारी."

"आज ऐतवार हाय."

"हाव."

"म्हंजे मी माईकवर बोलत व्हतो तवा तुला ठावं व्हतं."

तिनं मान हलवली.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नाही हेच मला सहन होईना. "तू चाललीस त्याचं मला कायबी न्हाई. त्या बँकेनं बोलावलं असतं तर मीबी गेलो असतो, पळत गेलो असतो. पन काल एक फोन केला असतास तर मी साहेबांला ते लिहिलं नसतं. हितं येऊन असं बोललो नसतो. माझी आई समोर बसली व्हती गं."

मंजुश्री रडायला लागली. मी भिंतीला टेकून उभा होतो. आता बोलायचं, आता, असं मनात म्हणत होतो. अमरनाथांनी माझ्याकडे बघितलं आणि मग तिला विचारलं, "सरांला ठावं व्हतं का?"

तिनं डोळे पुसले. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "सरांला आत्ताच कळून राहिलंय."

अमरनाथ उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचीबी फसवणूकच झाली की, सर," ते म्हणाले. आणि मी, ज्याला चारशे माणसांपुढे कागदाशिवाय तासभर बोलता येतं, तो मी फक्त "हं" म्हणालो.

संध्याकाळपर्यंत लातुरात सगळ्यांना कळलं. महादेवप्पांनी पोरीशी बोलणं टाकलं ते दिवाळीपर्यंत. तिची आई गंगम्मा मधे पडली म्हणून घरात निदान जेवण तरी चालू राहिलं. चौकातलं फ्लेक्स कुणी उतरवलं नाही, पावसानं ते आपोआप फाटलं. अमरनाथांच्या साहेबांनी त्यांना तोंडावर ऐकवलं, की तुमच्या भागातली माणसं सोडून जात नाहीत ना? दोन जागा तर सोडाच, होती तीही गेली. त्या वर्षी आमच्याकडून कुणीच गेलं नाही. माझ्यावर मात्र कुणाचाच राग नव्हता. उलट महादेवप्पांनी जानेवारीत मला नवी तूरडाळ पाठवली, पाच किलो, सोबत निरोप, की पोरीनं तुमची मान खाली घालायला लावली, माफी असावी. ती डाळ मी खाल्ली. दुसरं काय करणार होतो? परत पाठवली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

मंजुश्री वर्ष पूर्ण करून मुंबईला गेली. जायच्या आधी कागदपत्रं न्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मी तर चालले, सर," ती म्हणाली. "तुमाला हितंच ऱ्हायाचंय. अमरनाथ काकांचा तुमच्यावरचा भरवसाबी गेला, तर मागच्या पोरींला कोन धाडल?"

"मी सांगतो त्यांना. आजच सांगतो."

"तुमी ठरवा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण पूर्वीची पोरगीही नव्हती. तिनं दाखला पिशवीत ठेवला, "येते" म्हणाली आणि गेली. मी काय ठरवलं ते उघड आहे. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी गेली, संक्रांत आली.

यंदाच्या जानेवारीत अमरनाथांचा फोन आला. "सर, साहेबांच्या पुन्हा मागं लागलो. एक जागा दिलीय. पन ह्या बारीला तुमच्या शब्दावर घेतो. पोरापोरींचं मी कायच धरत न्हाई आता. तुमी म्हनाल ती."

त्या वेळी माझ्यासमोर वर्षाराणी बसली होती. अर्धापूरची, घरी केळीच्या बागा, आकड्यांत पक्की, इंग्रजीत अडखळणारी. प्रवेश घेतल्यापासून ती या जागेची वाट बघत होती. फोनवर अमरनाथ थांबले होते. सांगायचं तर हीच वेळ होती. मी सांगितलं असतं तर मंजुश्रीवरचा डाग पुसला असता आणि समोरच्या पोरीची जागा गेली असती. निदान मी स्वतःला तेव्हा असंच समजावलं. खरं काय ते मला माहीत आहे. मला भीती वाटली.

"वर्षाराणीला घ्या," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

फोन ठेवला. ती अधीर होऊन विचारू लागली, "सर, काय म्हनले?"

"घेतलं तुला."

तिचा चेहरा फुलला. ती उठली, खाली वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमी काळजी करू नका, सर. मी त्या मंजुश्रीताईवानी तुमाला फसवणार न्हाई."

मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि अर्ज भरायला दिला.